ड्रेन बोल्टचा वायसर दर सर्व्हिसिंगला बदलायचा का?

शाळेचा_व्हॅनवाला

राम राम मंडळी. नाशिकात दोन शाळांच्या फेऱ्या मारतो. गाडी ईको, २०१३ ची, पेट्रोल. दर सात हजाराला ऑइल आणि फिल्टर बदलतो, पोरांची गाडी आहे म्हणून त्यात कंजुषी करत नाही.

गेल्या महिन्यात नेहमीच्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं आणि चौथ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या कोऱ्या फरशीवर दहाच्या नाण्याएवढा काळा डाग. सेक्रेटरींनी डागाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली माझ्या गाडीचा नंबर. वाकून बघितलं तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, ड्रेन बोल्टला (ज्यातून जुनं तेल सोडतात त्याला) थेंब लोंबत होता.

गॅरेजात जाऊन विचारलं, "वायसर बदलला होता का?" तर पोरगा हसला. "काका, वायसर काय दर वेळी बदलतात होय? आणा, टाइट करून देतो." केला टाइट. दोन दिवस कोरडं राहिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. पार्ट्सवाला सांगतो की दर वेळी नवाच टाकायचा. आता एकाला वायसर विकायचाय आणि दुसऱ्याला खाली झोपायचा कंटाळा आहे, मग विश्वास कोणावर ठेवू? तुम्ही काय करता?

पाना_सतरा

बदला. पंधरा रुपयांची वस्तू आहे. तिच्यावर हजार-बाराशेचं तेल आणि त्या तेलावर लाखाचं इंजिन टांगलेलं आहे. विषय संपला.

उंटावरचा_शहाणा

पहिल्याच प्रतिसादात विषय संपवलात तर धागा शंभरी कशी गाठणार? मी बसलोय, चालू द्या.

ग्रीसवाले_अण्णा

सांगलीत गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. पानाभाऊंचं चूक नाही पण अर्धंच आहे.

आधी वायसर कुठला ते बघा. तांबड्या रंगाचा असेल तर तांबं. पांढरा, हलका, नखाने ओरखडा उठणारा असेल तर अॅल्युमिनियम. लोखंडी कडी आणि आत रबराचा ओठ असलेला वेगळा, आणि पत्रा दुमडून पोकळ केलेला आणखी वेगळा. पोकळवाला एकदा चेपला की त्याचं काम झालं, तो परत लावायचा नाही. अॅल्युमिनियमचाही मी नवाच टाकतो. तांब्याचा बघून ठरवतो. रबरवाला ओठ फाटेपर्यंत चालतो.

आता खरी गोष्ट. वायसर बदलला नाही म्हणून इंजिन बसलेली गाडी मी आजवर पाहिली नाही. थेंब गळतो म्हणून पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला आणि चेंबरचे आटे गेले, अशी गाडी मात्र महिन्याला एखादी येतेच. पंधरा रुपयांचा वायसर वाचवला आणि चेंबर उतरवायची वेळ आली. तुमच्या पोराने "टाइट करून देतो" म्हटलं तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

एक विचारतो. ऑइल सोडताना जुना वायसर बोल्टाबरोबर बाहेर आला होता का? तुम्ही डोळ्याने पाहिला का?

शाळेचा_व्हॅनवाला

नाही अण्णा. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो.

उंटावरचा_शहाणा

इथे अर्ध्या महाराष्ट्राच्या गाड्या बिघडतात त्या त्या टपरीमुळेच.

दुपारची_झोप

मेकॅनिकल शिकलोय, नोकरी भलतीच करतो, तेवढीच संधी मिळाली म्हणून लिहितो.

चेंबरमध्ये तेलाला तसा दाब नसतो. पंप तेल ओढतो आणि दाबाने वर पाठवतो. खाली साठलेल्या तेलाचं नुसतं चार-सहा बोटं उंचीचं वजन बोल्टावर असतं. तरी गळतं, कारण आटे तेल अडवतच नाहीत. आट्यांच्या बाजूने तेल झिरपून बोल्टाच्या डोक्यापर्यंत येतंच. अडवतो तो वायसर. बोल्टाचं डोकं आणि चेंबरचं तोंड दोन्ही वरून गुळगुळीत दिसली तरी त्यांच्यावर बारीक ओरखडे असतात. मऊ वायसर चेपून त्या ओरखड्यांत घुसतो आणि वाट बुजते.

दाब किती पडतो? १४ मिलिमीटरचा बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला आवळला असं धरू, या मापाला आकडा त्याच्या आसपासच असतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला साधारण सोळा-अठरा किलोचा जोर. घर्षण वजा जाता वायसरवर सव्वा टनाच्या आसपास दाब येतो. एवढ्या दाबाखाली तो एकदा ज्या ओरखड्यांचा ठसा घेतो, तो ठसा घेऊनच बाहेर येतो. पुढच्या वेळी तो नेमका त्याच जागी, त्याच कोनात बसणार नाही. जुन्या ठशाची घळ नव्या ओरखड्यावर आडवी आली की तेलाला वाट सापडली.

शिवाय आटे तेलाने माखलेले असले तर घर्षण कमी होतं, म्हणजे तेवढ्याच जोरात दाब आणखी वाढतो. त्यामुळे बोल्टाला ग्रीस चोपडून "आता मस्त बसला" म्हणणाऱ्यांनी सांभाळून.

पाना_सतरा

म्हणजे बदला. मी तेच म्हणत होतो, तुम्ही त्याला सव्वा टन लावला.

कसब्यातला_बोका

तांब्याचा विषय निघाला म्हणून. माझं आजोळ पुण्यात तांबट आळीच्या तोंडाशी. लहानपणी दुपारभर ठोक्यांचा आवाज. घंगाळाचा, बंबाचा पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की कारागीर तो भट्टीत लाल करायचे, पाण्यात बुडवायचे आणि परत ठोकायला घ्यायचे. ठोकल्यावर तांबं ताठरतं, तापवल्यावर पुन्हा मऊ पडतं. पोलाद लाल करून पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांब्याचं तसं नाही. पाण्याने उलट वरची काळी खपली सुटून येते.

वायसरचंही तेच. एकदा सव्वा टनाखाली आला की तो ठोकलेलं तांबं झाला. चिमट्यात धरून अंधुक लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर दोन्ही बाजू घासा, की नव्यासारखा. माझे मामा बजाज चेतकच्या जमान्यापासून असंच करत आले. तीस वर्षांत तांब्याचा वायसर विकत घेतल्याचं मला आठवत नाही.

ग्रीसवाले_अण्णा

बोका, मामांना नमस्कार सांगा. आमचे वस्तादही असंच करायचे. मात्र वायसर मधोमध पातळ झाला किंवा कडेला बाक आला असेल तर तापवून उपयोग नाही.

तिसरा_गिअर

हे वाचून मी काल रात्री घरच्या गॅसवर प्रयोग केला. चिमटा, वायसर, मोठा बर्नर. लाल व्हायची वाट बघत बसलो. लाल काही झाला नाही, एकाएकी चिमट्यातून पाघळला आणि बर्नरच्या भोकांत जाऊन बसला. वायसर पांढरा होता. बायको आता माहेरी फोनवर सगळ्यांना सांगतेय.

दुपारची_झोप

😂 अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि तोवर डोळ्याला दिसेल असं लाल होत नाही. तांबं १०८५ पर्यंत टिकतं. अण्णांनी रंग का बघायला सांगितला ते आता कळलं असेल.

तिसरा_गिअर

बर्नर नवा आणला. साडेतीनशे रुपये. एवढ्यात किती वायसर आले असते ते कोणी सांगू नका.

पाना_सतरा

तेवीस.

डोंबिवली_फास्ट_नाही

बायकांनी या धाग्यावर लिहायला हरकत नसावी. आमची ओम्नी, दहा वर्षं केटरिंगच्या डब्यांसाठी वापरली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या बिलात दर वेळी "ड्रेन प्लग गॅस्केट", म्हणजे हाच वायसर, अशी ओळ असायची. रक्कम किरकोळ, पण मला शंका होती. एकदा ओळखीच्या मुलाकडून गाडी वर घेतली आणि बोल्टाच्या डोक्यावर अन् वायसरच्या कडेला मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. गुलाबी. मग गाडी सर्व्हिसिंगला दिली.

परत आली तेव्हा बिलात गॅस्केट होतं आणि खाली माझा गुलाबी ठिपका जसाच्या तसा होता. म्हणजे वायसर सोडा, बोल्टच फिरवला नव्हता. डिपस्टिकवर (तेल बघायच्या पट्टीवर) तेल काळंच. फोटो दाखवल्यावर मॅनेजर आतून बाहेर आले, चहा आला आणि सगळं काम माझ्या समोर परत झालं. तेव्हापासून पर्समध्ये ती बाटली असते.

उंटावरचा_शहाणा

ताई, साष्टांग दंडवत. धाग्याचं नाव बदलून "गुलाबी ठिपका" करा.

ओम्नीवेडा

ओम्नी म्हटल्यावर आमचं अंतःकरण भरून येतं. १९८४ साली नुसती "मारुती व्हॅन" म्हणून आली, ओम्नी हे नाव मागाहून मिळालं, आणि २०१९ मध्ये बंद. पस्तीस वर्षं! ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांनी रुग्णवाहिका, भाजी, दूध, शाळा, लग्नाचा बँड सगळं वाहिलं. इंजिन सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरची बैठक खालून भाजून निघायची. हिंदी सिनेमात तर हिरोच्या बहिणीला पळवायला दुसरी गाडी कधी आलीच नाही, सरकता दरवाजा एका हाताने ओढता यायचा ना.

पाना_सतरा

गुंडांनी वायसर बदलला होता का, एवढं सांगा म्हणजे विषयाला धरून होईल.

फोंडेकार

हलके घ्या, पण एक मुद्दा राहून गेला. बोल्टाला थेंब लोंबतोय म्हणजे गळती बोल्टातूनच, असं नसतं. बोल्ट सगळ्यात खाली असतो, वरून कुठूनही आलेलं तेल ओघळत तिथेच येऊन लोंबणार. पावसात छपराचं पाणी एका वाशातून शिरतं आणि भलत्याच खोलीत गळतं, तसं.

माझ्या मासळीच्या व्हॅनला मी तीन वायसर बदलले. शेवटी निघालं काय, तर फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावर चढवलेला. तेल तिथून येऊन चेंबरच्या कडेने बोल्टावर उतरायचं. आणि फिल्टरकडे दाब असतो, झोपभाऊंच्या चार-सहा बोटांसारखं नाही. माझं नशीब म्हणून रिंग फुटून सगळं तेल रस्त्यावर गेलं नाही.

तपासायला सोपं आहे. खालचा भाग रॉकेलने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण सुकवा. मग घरातली अंगाला लावायची पावडर पफने सगळीकडे मारा. गाडी दहा मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. पांढऱ्यावर काळी वाट कुठून सुरू होते ते लगेच दिसतं.

विदर्भवीर

काहून एवढी झंझट करता भाऊ. बोल्टाले टेफ्लॉन टेप गुंडाळा न् लावून द्या. नळाले चालते त बोल्टाले काहून नाही चालत?

ग्रीसवाले_अण्णा

वीरभाऊ, नको. नळाचे आटे निमुळते असतात, तिथे आट्यांतच पाणी अडवायचं असतं. ड्रेन बोल्टाचे सरळ असतात, तेल डोक्याखाली अडतं. टेपचा तुकडा सुटला तर थेट चेंबरमध्ये, तिथून पंपाच्या जाळीवर. काळं सिलिकॉन चोपडणाऱ्यांनाही हेच. जाळीवर चिकटलेल्या सिलिकॉनच्या शेवया मी काढल्यात, अगदी उपवासाच्या साबुदाणा फेण्यांसारख्या दिसतात.

विदर्भवीर

बरं, मागे घेतो. पण माह्या गाडीत सध्या टेपच आहे 😐

ग्रीसवाले_अण्णा

पुढच्या ऑइलला काढा. आट्यांतला एक न एक धागा सुईने वेचा आणि मगच नवा वायसर टाका.

लेस्टरवासी_पंत

इकडे इंग्लंडात डिलिव्हरीसाठी फोर्डची ट्रान्झिट व्हॅन चालवतो. नव्या इंजिनाला चेंबरच प्लास्टिकचं आणि बोल्टाच्या जागी पाव वळशात बसणारं प्लास्टिकचं बूच. वायसर प्रकारच गेला, दर वेळी अख्खं बूच नवं घ्यायचं. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला वाटलं लोणच्याच्या बरणीचं झाकण चुकून पाठवलं. शिवाय २०१८ पासून वार्षिक तपासणीत प्रमाणाबाहेर गळती दिसली तर गाडी नापास, म्हणून इथे कोणी थेंबाला हसत नाही. काही गॅरेजवाले बोल्टाला हातच लावत नाहीत, डिपस्टिकच्या नळीतून तेल वर ओढून घेतात.

कसब्यातला_बोका

वरून ओढलं तर तळाचा गाळ तिथेच राहणार की.

लेस्टरवासी_पंत

थोडं तेल राहतंच. यावर इकडे वेगळे धागे आहेत आणि तिथेही मारामाऱ्या आहेत.

आबा_माळकरी

गाडी नाही, पण वाचतोय. एवढं काळं तेल निघतं ते टाकता कुठे? आम्ही गावाकडे डब्यात साठवतो आणि कुंपणाच्या खांबांच्या बुडाला लावतो, वाळवी लागत नाही. आमच्या वडिलांनी गोठ्याच्या चौकटींनाही लावलं होतं.

डोंबिवली_फास्ट_नाही

आबा, रागावू नका, पण गोठ्यात नको. गुरं चौकटीला अंग घासतात, चाटतात. वापरलेल्या तेलात इंजिनाच्या झिजेचे धातू उतरलेले असतात. आणि खांबाच्या बुडाचं तेल पावसात मुरून विहिरीकडेच जाणार. वापरलेलं तेल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्याकडे बॅरल असतं, तिथे द्या, त्याला त्याचे पैसे मिळतात.

आबा_माळकरी

रागावत नाही पोरी. विहीर खांबापासून वीस पावलांवर आहे, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

गप्प_बसा_मंडळ

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उंटावरचा_शहाणा

मंडळाने काय लिहिलं होतं? मी जेवायला गेलो तेवढ्यात उडालं.

शाळेचा_व्हॅनवाला

धागा वर काढतो, आठवडा झाला.

रविवारी फोंडेकारांच्या सांगण्याप्रमाणे खालून धुतलं, मुलीची पावडर मारली (मुलगी दोन दिवस बोलत नव्हती), मखमलाबाद नाक्यापर्यंत फेरी मारून आलो. फिल्टर कोरडा, वरचं कव्हर कोरडं. काळी वाट सुरू होत होती ती बोल्टाच्या डोक्याखालूनच.

मग दुसऱ्या गॅरेजात गेलो. या वेळी चहा प्यायलो नाही, पुठ्ठा अंथरून स्वतः त्या मेकॅनिकशेजारी आडवा झालो. बोल्ट काढला. बोल्टाबरोबर एक पांढरा वायसर आला, अगदी नवा दिसत होता. म्हणजे आधीच्या पोराने टाकला होता! मी म्हटलं, मग गळतंय कशाने? मेकॅनिकने चेंबरच्या तोंडाभोवती बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, इथे कड लागतेय." स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच घातलं तसा टुक्कन दुसरा वायसर खाली पडला. काळा, पातळ, चेंबरच्या पत्र्याला असा चिकटलेला की वेगळा दिसतच नव्हता.

अण्णांचा प्रश्न तेव्हा कळला. पोराने जुना निघालाय की नाही ते न बघताच नवा चढवला होता. आणि मी विचारल्यावर "दर वेळी बदलतात होय" म्हणून हसला, तो कशाला हसला ते मला अजून समजलेलं नाही. बहुधा वायसर दुसऱ्याच कोणीतरी टाकला असेल आणि याला माहीत नसेल.

जागा फडक्याने पुसून एकच नवा वायसर टाकला, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या) आवळला. आटे शाबूत आहेत. आज सहावा दिवस, खाली वर्तमानपत्र अंथरतो, कोरं आहे.

ग्रीसवाले_अण्णा

आटे शाबूत म्हणालात, तिथे माझा जीव भांड्यात पडला. दोन वायसर असले की तेल अडवायच्या जागा दोनाच्या तीन होतात, त्यात एक जुना, घळी पडलेला. शिवाय बोल्ट तेवढाच कमी आत जातो, आट्यांची पकड कमी. त्यावर आणखी आवळला असता तर तुम्ही नवं चेंबर शोधत फिरला असता.

त्या पोराला बोलू नका फार. मी पहिल्या वर्षी तीन वायसर एकावर एक असलेली जीप गिऱ्हाइकाला दिली होती. वस्तादांनी ते तिन्ही सुतळीत ओवून महिनाभर माझ्या गळ्यात घालायला लावले.

दुपारची_झोप

अण्णा, हे आधी का नाही सांगितलंत? मी उगाच सव्वा टन काढत बसलो.

पाना_सतरा

म्हणजे बदला, पण जुना काढून. माझ्या मूळ प्रतिसादात ही दुरुस्ती करतो.

डोंबिवली_फास्ट_नाही

व्हॅनवाले काका, फरशीच्या डागाचं काय झालं?

शाळेचा_व्हॅनवाला

डागावर लाकडाचा भुसा टाकून दोन दिवस ठेवला, मग कपड्याच्या साबणाने घासला. सावली राहिली आहे. सेक्रेटरी रोज त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघतात.

ओम्नीवेडा

धागा संपायच्या आत एक विचारून घेतो. काल डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या दातेरी चाकांच्या पेटीचं) तेल बदलायला घेतलं, त्याच्या बोल्टाला वायसर सापडेना. तोही आत चिकटलाय का? मी तासभर खरवडतोय.

ग्रीसवाले_अण्णा

खरवडणं आधी थांबवा! तुमच्या गाडीत तिथे वायसर नसतोच, आट्यांना सीलंट लावून बसवतात. किती खरवडलंत? फोटो टाका.